शाळेच्या पैशाचा हिशेब मांडणारा माणूस : होरेस मॅन

जून महिना तोंडावर आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या शाळेत घालावे? अमक्या शाळेचा निकाल चांगला लागतो, तमक्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत, तिसरीला धड इमारत नाही. पालक या नात्याने तुम्हीही ही चर्चा केली असेल आणि ती करणे योग्यच आहे. परंतु वाचकहो, या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ती शाळा कोणाच्या पैशावर चालते? तो पैसा किती, तो कोण देतो, कोण वाटतो आणि त्याचा हिशेब कोण पाहतो? शाळा चांगली निघणार की वाईट, हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

हा प्रश्न हाती धरून ज्याने बारा वर्षे एक संपूर्ण राज्य पायाखाली घातले, अशा एका माणसाची ओळख तुम्हाला करून द्यावयाची आहे. त्याचे नाव होरेस मॅन. तुमच्यापैकी जे अध्यापनाचा अभ्यासक्रम शिकत आहेत त्यांनी हे नाव पाठ्यपुस्तकात वाचले असेल. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण जनक म्हटले की माणूस फोटोच्या चौकटीत जाऊन बसतो. त्यांनी नेमके काय केले, कोणाशी झगडा केला आणि त्यांचे कोठे चुकले, हे आपण पाहू.

गवताच्या वेण्या आणि गावाचे ग्रंथालय

होरेस मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रँकलिन या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्या भागात टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणण्याचा घरगुती धंदा चाले. मॅन यांच्या घरातील मुलेही त्या वेण्या विणीत आणि त्यातून होरेस आपल्या पुस्तकांचे पैसे काढी. तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ पाण्यात बुडून मरण पावला. घराचा भार आईवर आणि उरलेल्या मुलांवर आला.

शाळा होती, पण ती नावाला. वयाच्या पंधरा-सोळा वर्षांपर्यंत वर्षाकाठी आठ-दहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ या मुलाला शाळेत बसावयास मिळाले नाही. गावाजवळ ना कोणी चांगला शिक्षक होता, ना वर्षभर शाळा चालविण्याइतका पैसा. मात्र या खेड्याला एक देणगी मिळालेली होती. बेंजामिन फ्रँकलिन या थोर पुरुषाचे नाव गावाने घेतले, तेव्हा प्रार्थनागृहासाठी त्यांनी एक घंटा द्यावी अशी गावकऱ्यांची अपेक्षा होती. फ्रँकलिन यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठविली. त्या पुस्तकांचे लहानसे ग्रंथालय झाले आणि शाळेने जे दिले नाही ते होरेसला तेथे मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. एका माणसाने विचारपूर्वक केलेला खर्च पुढे कोणाच्या कामी येईल हे सांगता येत नाही. पण त्याचबरोबर हेही लक्षात ठेवा की ते ग्रंथालय त्या गावाच्या वाट्याला योगायोगाने आले होते. शेजारच्या गावाला ते नव्हते. एखाद्या मुलाचे शिक्षण अशा योगायोगावर सोडावे काय? मॅन यांनी पुढे आयुष्यभर जे काम केले त्याच्या मुळाशी हाच सवाल होता.

एका फिरत्या शिक्षकाकडे अवघ्या सहा महिन्यांत लॅटिन व ग्रीकची तयारी करून त्यांनी ब्राऊन विद्यापीठात प्रवेश मिळविला. १८१९ साली ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. मग कायद्याचा अभ्यास, १८२३ पासून वकिली, १८२७ पासून राज्याच्या विधिमंडळात सदस्यत्व आणि पुढे तेथील वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षपद. १८३० साली त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांनी पत्नी शार्लट मरण पावली. या आघातातून सावरावयास त्यांना फार वर्षे लागली. वकिली चांगली चालत होती, राजकारणात पुढची पायरी दिसत होती. आणि अशा वेळी त्यांनी असे काम पत्करले, की ज्यात ना पैसा होता ना अधिकार.

वाडीची शाळा, वाडीचा पैसा

ते काम समजण्यासाठी तेथील शाळांची व्यवस्था आधी समजून घेतली पाहिजे.

मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेचा कायदा फार जुना होता. १६४७ सालीच तेथे असा कायदा झाला होता की पन्नास घरांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक ठेवावा आणि शंभर घरांच्या गावाने त्याहून वरची शाळा काढावी. खर्च गावाने सोसावयाचा. हेतू उत्तम होता. परंतु गावे पसरू लागली, लांब लांब वस्त्या झाल्या आणि प्रत्येक वस्तीला आपल्या दाराशी शाळा हवीशी झाली. १७८९ च्या कायद्याने गावाचे असे तुकडे पाडण्यास परवानगी दिली. या तुकड्याला तिकडे ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. आपल्याकडच्या जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. ती आपली वाडी समजा. पुढे या वाड्यांना स्वतःचा कर बसविण्याचा हक्क मिळाला आणि १८२७ साली वाडीच्या पंचाला शिक्षक निवडण्याचा अधिकारही मिळाला.

वरवर पाहता यात गैर काय? शाळा लोकांच्या दाराशी, पैसा लोकांचा, कारभार लोकांचा. पण प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. ज्या वाडीत गिरणी होती, पेठ होती, सधन घरे होती, तिला पक्की शाळा बांधता येई आणि ती बरेच महिने चालविता येई. ज्या वाडीत पाच-पंचवीस गरीब शेतकरी होते तिची शाळा हिवाळ्यात थोडे आठवडे आणि उन्हाळ्यात थोडे आठवडे चाले. एकाच गावातली दोन मुले, एक ओढ्याच्या अलीकडची, एक पलीकडची, आणि त्यांच्या शिक्षणात जमीन-अस्मानाचे अंतर! पंचाला आपला भाचा किंवा मेहुणा शिक्षक म्हणून नेमावयाचा मोह होई. शिक्षकाला पगार कमी पडे म्हणून तो पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी जेवे-राही. चुलीचे सरपणही घराघरातून यावयाचे. १८३७ च्या सुमारास पुरुष शिक्षकाला जेवणाखाणासह महिन्याला सरासरी पंचवीस डॉलर आणि शिक्षिकेला अकरा डॉलरच्या आसपास मिळत.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली आणि पालकांनो, ती तुम्ही मुद्दाम लक्षात घ्यावी. वाडीची शाळा वाईट म्हणून सुखवस्तू लोकांनी आपली मुले खाजगी शाळांत घातली. मुले तेथून गेली तसे पालकांचे लक्षही गेले. गावच्या सभेत शाळेसाठी कर वाढवावयाचा ठराव आला की हीच मंडळी हात आखडता घेऊ लागली, कारण त्यांचे मूल त्या शाळेत नव्हते. शाळा आणखी खालावली. ती खालावली म्हणून आणखी मुले गेली. मॅन यांनी पहिल्या वर्षी जे आकडे गोळा केले त्यांत असे दिसले की राज्यातील सर्व गावे मिळून सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांसाठी साडेचार लाख डॉलरहून थोडा अधिक कर उभा करीत होती, तर खाजगी शाळांच्या फीपोटी मोजक्या पालकांनी सव्वातीन लाखांहून अधिक डॉलर दिले होते. थोड्या मुलांवर एवढा खर्च आणि बाकी साऱ्या मुलांवर तेवढा! पैसा राज्यात नव्हता असे नाही. तो शाळेच्या दारावरून पुढे जात होता.

अधिकार नसलेला चिटणीस

१८३७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये राज्य शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि होरेस मॅन त्याचे पहिले चिटणीस झाले. पगार वर्षाला पंधराशे डॉलर. वकिलीत त्याहून अधिक मिळत होते. मंडळाला एकही शाळा उघडण्याचा, एकही शिक्षक नेमण्याचा किंवा एक डॉलर कर बसविण्याचा अधिकार नव्हता. माहिती गोळा करावी आणि ती लोकांपुढे मांडावी, एवढेच काम. मॅन यांच्या मित्रांना हा निर्णय वेडेपणाचा वाटला. परंतु वकील मॅन यांना पुराव्याची ताकद ठाऊक होती. हाती दंड नसला तरी हिशेब आहे, हे त्यांनी ओळखले.

घोड्यावर बसून ते राज्यभर फिरले. शाळांच्या खोल्या मोजल्या, खिडक्या पाहिल्या, बाकांची उंची पाहिली. आपल्या पहिल्या अहवालाला जोडून त्यांनी शाळागृहांवर एक स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की अनेक शाळा रस्त्याच्या कडेला, कोणालाच नको असलेल्या जागेत बांधलेल्या आहेत. आत हवा नाही, बाकांना पाठ नाही, लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, कित्येक ठिकाणी शौचकूपही नाही. पिट्सफील्ड गावी त्यांचे व्याख्यान होते, तर शाळेत कोणतीच तयारी झालेली नव्हती. तेव्हा त्यांनी आणि राज्याचे गव्हर्नर ब्रिग्ज यांनी स्वतः झाडू घेऊन खोली स्वच्छ केली, असे सांगतात. ज्याला सभेपूर्वी झाडू हाती घेण्याची लाज वाटत नाही, त्याचे बोलणे लोक ऐकतात.

आता त्यांच्या हिशेबाची खुबी पाहा. राज्याजवळ १८३४ पासून एक शाळा-निधी होता. त्याचे व्याज गावांना वाटले जाई, पण एका अटीवर. गावाने आधी स्वतः कर बसवून प्रत्येक मुलामागे ठराविक रक्कम, सुमारे एक-सव्वा डॉलर, उभी केली पाहिजे आणि शाळेची माहिती वेळेवर पाठविली पाहिजे. म्हणजे राज्याची मदत फुकट नव्हती. ती गावाच्या प्रयत्नाला मिळणारी जोड होती. मॅन यांनी या माहितीचे कोष्टक करून ते छापले. कोणते गाव दर मुलामागे किती खर्च करते, पहिले कोण, शेवटचे कोण, हे सगळे उघड. श्रीमंत म्हणून मिरविणाऱ्या काही गावांची नावे यादीत खाली आली आणि काही साधी गावे वर गेली. ज्याला त्याला आपल्या गावाचा क्रमांक समजला. गावसभांतून बोलाचाली झाल्या, खाली राहिलेल्यांना लाज वाटली आणि पुढच्या वर्षी कर वाढले. कोणावर सक्ती न करता, केवळ कोष्टक छापून!

१८३८ साली एका व्यापाऱ्याने, एडमंड ड्वाइट यांनी, शिक्षकांच्या शिक्षणासाठी दहा हजार डॉलर देऊ केले; मात्र राज्यानेही तेवढेच द्यावेत अशी अट घातली. राज्याने ती मान्य केली. या पैशातून ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे शिक्षक घडविणारी पहिली सरकारी शाळा, म्हणजे ‘नॉर्मल स्कूल’, सुरू झाली. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या फक्त तीन! मॅन निराश झाले, पण मागे फिरले नाहीत. पुढे बॅरे आणि ब्रिजवॉटर येथेही अशा शाळा निघाल्या. १८३९ सालीच शाळा वर्षातून निदान सहा महिने चालली पाहिजे असा कायदा झाला. वाड्यांना शाळेच्या ग्रंथालयासाठी कर घेण्याची मुभा मिळाली होती. पुढे १८४२ साली वाडीने पंधरा डॉलर उभे केल्यास राज्यही पंधरा डॉलर देईल अशी योजना झाली. फ्रँकलिन गावाला योगायोगाने मिळालेले ग्रंथालय आता कोणत्याही वाडीला मागता येण्यासारखे झाले.

कर का द्यावा?

ज्याला मूल नाही त्याने शाळेसाठी कर का द्यावा? ज्याचे मूल खाजगी शाळेत शिकते त्याने दोनदा पैसे का मोजावेत? हे प्रश्न मॅन यांना गावोगाव विचारले गेले आणि ते आजही विचारले जातात. त्यांनी दोन प्रकारे उत्तर दिले.

पहिले उत्तर व्यवहाराचे होते. पाचव्या अहवालासाठी त्यांनी गिरणीमालकांना पत्रे पाठवून विचारले की शिकलेला कामगार आणि न शिकलेला कामगार यांच्या कामात काही फरक पडतो काय. उत्तरे आली की शिकलेल्याचे काम अधिक, चांगले आणि त्याची कमाईही अधिक. म्हणजे शाळेवरचा खर्च हा दान नसून गावाच्या उत्पन्नात घातलेले बियाणे आहे. दुसरे उत्तर न्यायाचे होते. दहाव्या अहवालात त्यांनी असे मांडले की जन्माला आलेल्या प्रत्येक बालकाचा शिक्षणावर हक्क आहे. आणि कोणतीही पिढी आपल्या मालमत्तेची पूर्ण धनी नसून ती पुढच्या पिढीची विश्वस्त आहे. मागच्यांनी घातलेल्या रस्त्यावरून आपण चालतो, त्यांनी लावलेल्या झाडांची फळे खातो. तेव्हा पुढच्यांसाठी आपल्याला काही द्यावेच लागेल.

सर्वांना हे पटले असे मुळीच नाही. १८४० साली विधिमंडळात शिक्षण मंडळ आणि शिक्षकांच्या शाळा दोन्ही बंद करण्याचा प्रस्ताव आला. राज्याने वाडीच्या कारभारात नाक खुपसू नये आणि खर्च वाचवावा, असे प्रस्तावकांचे म्हणणे होते. मतदान झाले, १८२ मते बंद करण्याच्या बाजूने आणि २४५ विरुद्ध. मंडळ वाचले. थोडी मते इकडची तिकडे गेली असती तर होरेस मॅन हे नाव आज कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

पैसा आहे, पण तपासणी नाही

वाचकहो, आतापर्यंतच्या कथेवरून पैसा आला की दर्जा आलाच असे तुम्हाला वाटेल. तसे नाही, हेही मॅन यांच्याच चरित्रात दिसते.

१८४३ साली त्यांनी मेरी पीबडी या विदुषीशी दुसरा विवाह केला आणि दोघे युरोपच्या प्रवासाला निघाले. बहुतेक दिवस शाळा पाहण्यातच गेले. प्रशियातील शिक्षक हाती पुस्तक न घेता, छडी न उगारता, मुलांशी बोलून शिकवितात हे पाहून ते प्रभावित झाले आणि सातव्या अहवालात त्यांनी ते लिहिले. बोस्टन शहरातील एकतीस मुख्याध्यापकांना तो आपला अपमान वाटला. त्यांनी मॅन यांच्याविरुद्ध पुस्तिका छापली. मॅन यांनी उत्तर दिले. बरीच चिखलफेक झाली.

बोस्टन हे राज्यातील सधन शहर. शाळांना पैशाची वाण नव्हती. १८४५ साली मॅन यांचे स्नेही सॅम्युअल हाऊ शहराच्या शाळा समितीवर होते आणि समितीने पाचशेवर निवडक विद्यार्थ्यांची एकाच प्रश्नपत्रिकेवर लेखी परीक्षा घेतली. तोपर्यंत समितीचे लोक वर्षातून एकदा येऊन तोंडी चार प्रश्न विचारीत आणि शाबासकी देऊन जात. लेखी परीक्षेचा निकाल धक्का देणारा होता. मुलांनी पाठ केलेले शब्द लिहिले, पण त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. पैसा होता, इमारती होत्या, पण आत काय शिकविले जाते हे कोणी पाहिलेच नव्हते. पैसा आणि पाहणी ही गाडीची दोन चाके आहेत. एका चाकावर गाडी जागच्या जागी फिरते.

बारा वर्षांचा ताळेबंद

१८४८ साली मॅन यांनी चिटणीसपद सोडले. बारा वर्षांत बारा अहवाल त्यांनी लिहिले. या काळात शाळांवरचा सार्वजनिक खर्च दुपटीच्या घरात गेला. नव्या आणि दुरुस्त शाळागृहांवर वीस लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. पुरुष शिक्षकांचे वेतन ६२ टक्क्यांनी आणि शिक्षिकांचे ५१ टक्क्यांनी वाढले. शाळेच्या वर्षात सरासरी एक महिन्याची भर पडली. सुमारे पन्नास नवी माध्यमिक विद्यालये निघाली. आणि खाजगी शाळांवरचा खर्च, जो सार्वजनिक शाळांच्या खर्चाच्या पाऊणपट होता, तो एक तृतीयांशाच्या जवळ आला. मुले वाडीच्या शाळेत परत येऊ लागली होती.

परंतु उणिवा झाकून ठेवणे हा थोर माणसाचा गौरव नव्हे. शिक्षिकांची संख्या मॅन यांनी वाढविली हे खरे, पण त्यांचे वेतन पुरुषांच्या निम्म्याच्या आसपासच राहिले आणि या स्वस्ताईचा राज्याला फायदाच झाला. बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. चिटणीसपदावर असताना मॅन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठविला नाही, असा ठपका त्यांच्या समकालीनांनी ठेवला. त्या वेगळ्या शाळा १८५५ च्या कायद्याने बंद झाल्या. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथॉलिक पालकांचीही तक्रार होती. सर्वांची म्हणविणारी शाळा प्रत्यक्षात बहुसंख्य प्रॉटेस्टंटांच्या वळणाची आहे, तेथे त्यांचेच बायबल वाचले जाते, असे ते म्हणत. त्यांनी पुढे वर्गणी काढून स्वतःच्या शाळा उभ्या केल्या आणि वर सार्वजनिक शाळेचा करही भरला. अल्पसंख्य समाजातील पालकांना ही ओढाताण नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. शाळा सर्वांची म्हणवायची तर तिच्या दारात प्रत्येक मुलाला परके वाटू नये, एवढी काळजी घ्यावीच लागते.

शंभर डॉलरची शिष्यवृत्ती

चिटणीसपद सोडल्यावर मॅन अमेरिकेच्या संसदेत गेले. गुलामगिरीच्या विस्ताराला त्यांनी तेथे कडाडून विरोध केला. १८५२ साली गव्हर्नरपदाची निवडणूक ते हरले आणि १८५३ साली ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथे नव्या अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष झाले. मुले-मुली एकत्र शिकणारी, कृष्णवर्णीयांनाही प्रवेश देणारी ती संस्था होती.

आणि येथे दैवाने त्यांची थट्टा केली. आयुष्यभर शाळेच्या पैशाचा हिशेब मांडणारा हा माणूस पैशाच्या चुकीच्या हिशेबावर उभारलेल्या संस्थेत येऊन पडला. कॉलेजच्या प्रवर्तकांनी इमारतीसाठी भांडवल उभे करताना शंभर शंभर डॉलरच्या शिष्यवृत्त्या विकल्या होत्या. शंभर डॉलर एकदा द्या आणि एका विद्यार्थ्याला कायमचे मोफत शिकवून घ्या, अशी ती योजना. पैसा विटामातीत गेला. वर्षानुवर्षे विद्यार्थी येत राहिले, पण फी आली नाही. अध्यापकांचे पगार थकले. कर्ज वाढत गेले. शेवटी १८५९ साली कॉलेजचा लिलाव झाला. मित्रांनी ते विकत घेऊन वाचविले, पण या दगदगीने मॅन यांची प्रकृती ढासळली. पदवीदान समारंभानंतर थोड्याच आठवड्यांनी, २ ऑगस्ट १८५९ रोजी, त्यांचे निधन झाले. प्रॉव्हिडन्स येथे पहिल्या पत्नीच्या शेजारी त्यांना मूठमाती मिळाली.

आपल्याकडे संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. इमारतीसाठी एकदाच मिळणारी देणगी आणि दरवर्षी लागणारा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोनशिला बसविणे सोपे असते. दर महिन्याच्या एक तारखेला पगार देणे अवघड असते.

तो प्रश्न अजून जिवंत आहे

मॅन गेले, पण वाडीचा प्रश्न संपला नाही. मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली शाळेत हजेरी सक्तीची केली आणि वाड्यांची ती जुनी पद्धत १८८२ साली कायमची मोडून शाळा संपूर्ण गावाकडे दिल्या. वाडीवाडीतला भेद गेला, पण गावागावातला राहिला. अमेरिकेत अजूनही शाळेचा बराचसा खर्च स्थानिक घर-जमिनीच्या करातून होतो. महाग घरांच्या वस्तीत थोड्या कराने पुष्कळ पैसा येतो. गरीब वस्तीत भारी कर बसवूनही थोडाच येतो. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात १९६७-६८ साली एका गरीब विभागात दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर, तर जवळच्याच श्रीमंत विभागात ५९४ डॉलर खर्च होत होता. आणि कराचा दर गरीब विभागातच जास्त होता! तेथील पालक न्यायालयात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १९९३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब असो वा श्रीमंत, प्रत्येक गावातील मुलाला योग्य शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे असा निर्णय दिला. त्याच वर्षी कायदा होऊन गरीब गावांची तूट राज्याने भरून देण्याची पद्धत सुरू झाली. मॅन यांनी कोष्टकातून जे दाखविले होते, ते कायद्यात उतरावयास दीडशे वर्षे लागली.

आपल्या भूमीलाही हा प्रश्न परका नाही. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठरविण्यात आला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतिराव फुले यांनी हाच हिशेब मागितला होता. कर शेतकऱ्यांनी भरावयाचा आणि शिक्षण वरच्या वर्गाने घ्यावयाचे, हा न्याय कोठला, असा त्यांचा रोख होता. समुद्रापलीकडचा एक वकील आणि पुण्याचा एक सत्यशोधक, दोघांनी एकाच जागी बोट ठेवले होते.

तेव्हा पालकांनो, हे चरित्र वाचून बाजूला ठेवू नका. तुमचे मूल ज्या शाळेत जाते तिचा हिशेब मागा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या स्त्रियांच्या आहेत. त्या समितीच्या सभेला जा. खुर्ची रिकामी ठेवून नंतर तक्रार करू नका. आणि ज्यांनी ऐपतीमुळे आपले मूल दुसऱ्या चांगल्या शाळेत घातले आहे, त्यांनी मोहल्ल्यातल्या जुन्या शाळेकडे पाठ फिरवू नये. तुमचे मूल तेथे नसेल, शेजाऱ्याचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ज्या बाकावर बसून शिकता त्याचे पैसे कोणीतरी दिले आहेत. कर भरणाऱ्या शेतकऱ्याने, वर्गणी देणाऱ्या दुकानदाराने, किंवा कधीच शाळेत न गेलेल्या एखाद्या मजुराने. गवताच्या वेण्या विणून पुस्तके घेणारा मुलगा मोठेपणी ते विसरला नाही. तुम्हीही विसरू नका, एवढीच विनंती.